वॉरगेमचा छंद आणि बेळगावचा मुलूख : पार्श्वभूमी

इतिहासातील एखादी लढाई नकाशावर मांडायची, दोन्ही बाजूंच्या फौजा सोंगट्यांच्या रूपाने त्यावर ठेवायच्या, रस्ता, नदी, चढ, दाणागोटा आणि शिपायांचा दम यांचे नियम ठरवायचे, आणि त्या दिवशी त्या सेनापतीच्या जागी आपण असतो तर काय झाले असते हे फासे टाकून पाहायचे, असा हा वॉरगेमचा छंद आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मराठी घरांत शिवचरित्र, बखरी आणि पलटणीतल्या आठवणी पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या-ऐकल्या गेल्या असल्यामुळे युद्धेतिहासाची गोडी येथे नवी नाही. नवी आहे ती नियमपुस्तक उघडून, समोर जोडीदार बसवून तीच लढाई पुन्हा लढण्याची सवय. ही सवय बर्लिनहून आली असे सर्रास सांगितले जाते. ते निम्मे खरे आहे.

उरलेले निम्मे आपल्याकडचे आहे. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सैन्याची चार अंगे चौसष्ट घरांच्या अष्टापद पटावर मांडण्याचा खेळ सातव्या शतकापर्यंत रूढ झालेला होता. हर्षाच्या राज्यातील शांततेचे वर्णन करताना चतुरंगाची रचना शिकायची ती केवळ अष्टापदावर, असा श्लेष बाणभट्टाने हर्षचरितात केला आहे. बेळगावच्या वाचकाला याहून जवळचा दाखला कल्याणीच्या चालुक्यांचा. हा सारा मुलूख त्यांच्या छत्राखाली असताना तिसऱ्या सोमेश्वराने शके १०५१, म्हणजे इ.स. ११२९ च्या सुमारास, मानसोल्लास सिद्ध केला आणि त्यात राजाच्या विनोदांची जी लांबलचक जंत्री आहे तिच्यात बुद्धिबळाची माहिती तपशिलाने दिली आहे. (मराठीच्या काही अगदी जुन्या ओळीही याच ग्रंथात सापडतात, हे सीमाभागातील माणसाला जाता जाता सांगितल्याशिवाय राहवत नाही.) पुढे पटावरील रथाची जागा आपल्याकडे हत्तीने घेतली आणि हत्तीची उंटाने, तरी खेळाचा सांगाडा तोच राहिला.

मात्र लढाईचा नमुना म्हणून पाहिले तर बुद्धिबळात तीन गोष्टींची उणीव आहे. दोन्ही फौजा तंतोतंत सारख्या असतात, सगळी घरे सारखी असतात, आणि शत्रूचे प्रत्येक मोहरे डोळ्यांसमोर उघडे असते. खऱ्या सेनापतीला यांपैकी एकही सवलत मिळत नाही. पहिली उणीव आपल्याच वाघ-शेळीने, ज्याला आपले कन्नड शेजारी आडु हुली आट म्हणतात त्या खेळाने, फार पूर्वी भरून काढली होती. तेथे मोजके वाघ आणि पुष्कळ शेळ्या असतात. वाघाने उडी मारून शेळी खायची आणि शेळ्यांनी वाघाची वाट कोंडायची. दोन्ही बाजूंची ताकद वेगळी, चाल वेगळी आणि जिंकण्याची अटही वेगळी. मोठ्या फौजेशी लहान फौजेने कसे लढावे याचा विचार ज्या खेळात आहे तो देवळाच्या फरशीवर रेघा कोरून खेळला गेला, आणि म्हणूनच की काय, त्याची कोणी फारशी दखल घेतली नाही.

उरलेल्या दोन उणिवांवर युरोपात काम झाले. ब्राउनश्वाइग या जर्मन संस्थानाच्या दरबारातील गणितज्ञ हेलविग याने १७८० मध्ये बुद्धिबळाचा पट वाढवून १६१७ घरांचा केला आणि घरांना रंग देऊन डोंगर, पाणी, दलदल दाखवली. जमीन पटावर आली, पण ती चौकटीत कापलेली होती. बर्लिन राजधानी असलेल्या प्रशिया या जर्मन राज्यातील राइसविट्झ या सरदाराने १८१२ मध्ये राजापुढे एक मोठे टेबल मांडले. त्यावर भूप्रदेशाचे उठावदार तुकडे हवे तसे जुळवता येत असत. त्याचा मुलगा तोफखान्यात लेफ्टनंट होता. त्याने चौकटी सोडून दिल्या, १:८००० प्रमाणाचा खराखुरा लष्करी नकाशा घेतला, तुकड्यांसाठी लाल आणि निळे ठोकळे केले, एक डाव म्हणजे प्रत्यक्षातील दोन मिनिटे असे धरले आणि १८२४ मध्ये नियम छापले. या खेळाला जर्मनमध्ये क्रीग्सश्पील, म्हणजे सरळसरळ युद्धखेळ, असे नाव पडले.

खरा बदल नकाशापेक्षाही पंचाच्या नेमणुकीत होता. दोन्ही खेळाडूंनी आपले हुकूम पंचाकडे द्यायचे, पंचाने फासे टाकून नुकसान ठरवायचे, आणि शत्रूच्या ज्या तुकड्या त्या जागेवरून खरोखर दिसल्या असत्या तेवढ्याच नकाशावर ठेवायच्या. हुकूम घेऊन जाणाऱ्या स्वाराला वाटेत जेवढा वेळ लागला असता तेवढा उशीर पटावरही होत असे. सरसेनापतीच्या कार्यालयाचा प्रमुख जनरल म्युफ्लिंग हा खेळ पाहायला नाखुशीने बसला आणि हा खेळ नसून युद्धाची शाळा आहे असे म्हणत उठला. प्रशियाच्या पलटणींना संच देण्याची व्यवस्था झाली. धाकट्या राइसविट्झच्या वाट्याला मात्र त्यातून सुख आले नाही. १८२७ मध्ये त्याने स्वतःचा अंत करून घेतला. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सचा पराभव केल्यावर सगळ्या सैन्यांचे लक्ष या खेळाकडे वळले. ब्रिटिश सैन्यासाठी १८७२ मध्ये इंग्रजी नियम तयार करणारा तोफखान्याचा अधिकारी इव्हलिन बेअरिंग पुढे हिंदुस्थान सरकारचा अर्थसदस्य म्हणून इकडे आला.

पंच पक्षपाती असला की खेळ कसा बिघडतो याचे उदाहरण जपानी आरमाराने घालून दिले. पॅसिफिक महासागरातील मिडवे बेटाच्या मोहिमेपूर्वी १९४२ मध्ये झालेल्या सरावात फाशांनी जपानी विमानवाहू जहाजे बुडवली, तेव्हा वरिष्ठ अधिकाऱ्याने निकाल फिरवून आघात कमी धरले आणि बुडालेले जहाज पुन्हा तरंगते केले. जूनमध्ये प्रत्यक्ष समुद्रावर चार विमानवाहू जहाजे गेली.

बेळगावात ही लष्करी परंपरा छावणीच्या मार्गाने आली. आपला वारसा १७६८ पर्यंत मागे नेणाऱ्या मराठा रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र १९२२ च्या पुनर्रचनेनंतर येथे स्थिरावले आणि आज मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र म्हणून ते सर्वांच्या परिचयाचे आहे. येथे शिकलेल्या रंगरुटाला क्रीग्सश्पील हे नाव ठाऊक नसेल, पण सँड मॉडेल ठाऊक असते. वाळूत डोंगर उठवायचे, ओढ्यासाठी निळी भुकटी टाकायची, रस्त्यासाठी फीत ताणायची आणि काठी फिरवत उद्याची चढाई समजावून द्यायची, ही पद्धत पायदळात सर्वत्र आहे. निवृत्तीनंतर ही माणसे तालुक्यातील गावांत परततात आणि नकाशा वाचण्याची नजर बरोबर आणतात. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील, म्हणजे आजच्या इराकमधील, कूत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने तेथील फौज शरण गेली. ज्या खेड्यांतून त्या पलटणींसाठी माणसे गेली तेथे मेसोपोटेमिया हा शब्द भूगोलाच्या पुस्तकातून आलेला नाही.

करमणूक म्हणून हा खेळ घरोघर नेण्याचे श्रेय इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स याला दिले जाते. १९१३ मध्ये त्याने शिशाचे शिपाई आणि लाकडी गोळी फेकणारी खेळण्यातली तोफ यांच्यासाठी साधे नियम लिहिले. त्याच्या खेळात फासे नाहीत, तोफेचा नेम लागला की शिपाई पडला. खोक्यात मिळणारा, नकाशा आणि पुठ्ठ्याच्या सोंगट्या असलेला वॉरगेम अमेरिकेतील चार्ल्स रॉबर्ट्स याने १९५४ मध्ये विक्रीला आणला आणि १९५८ मध्ये अ‍ॅव्हलॉन हिल ही कंपनी उभी केली. दोन गोष्टी त्याच्यामुळे रूढ झाल्या. पहिली म्हणजे निकालाचे कोष्टक : हल्ला करणाऱ्याचे आणि बचाव करणाऱ्याचे बळ यांचे प्रमाण काढायचे, एकास एक, दोनास एक, तिनास एक, त्या रकान्यात फाशाचा आकडा पाहायचा आणि कोण हटले, कोण संपले हे वाचायचे. दुसरी म्हणजे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेली षटकोनी घरे. चौकोनी घरात तिरपी चाल सरळ चालीच्या सुमारे दीडपट लांब पडते. षटकोनात सहाही शेजारी सारख्याच अंतरावर असतात, त्यामुळे कूच मोजताना लबाडी होत नाही. नंतरचे शेकडो खेळ याच दोन पायांवर उभे आहेत. संगणकावरील खेळांनी तरुणांना या वाटेवर आणले हे खरे, आणि २००९ च्या ‘एम्पायर : टोटल वॉर’मध्ये मराठ्यांची बाजू घेऊन खेळता येत असल्यामुळे आपल्या मुलांना त्याचे आकर्षण वाटणेही साहजिक होते, परंतु संगणक आपले नियम पोटात ठेवतो, आणि कागदावरचा नियम चुकीचा वाटला तर त्याच्याशी भांडता येते. माझ्या मते छंदाची निम्मी मजा त्या भांडणात आहे.

येथील मुलांचे हात मात्र कोणताही खोका उघडण्याआधीच मातीत भरलेले असतात. दिवाळीत तांबडी माती, दगड आणि चिखलात बुडवलेले गोणपाट यांचा किल्ला उभा राहतो, उतारावर मोहरी आणि अळीव पेरून हिरवळ उगवली जाते आणि बाजारातून आणलेले मातीचे मावळे तटावर उभे राहतात. सिंहासनावरचे महाराज बुरुजाहून उंच असतात, कारण तेथे प्रमाण भक्तीचे असते, १:८००० चे नसते. आमच्या गल्लीतील एका निवृत्त सुभेदारांनी असाच एक किल्ला पाहिला, गुडघे टेकले, गाल जमिनीला लावला आणि डोळा बुरुजावरच्या मावळ्याच्या पातळीवर आणून विचारले, “हितनं तुझ्या मावळ्याला त्यो वढा दिसतोय काय रे?” दिसत नव्हता. मध्ये मातीचा एक उंचवटा आडवा येत होता. फौजेत अशा जागेला डेड ग्राउंड म्हणतात, शत्रू तेथूनच वर येतो, असे सांगून त्यांनी उंचवट्यावर एक चौकी बसवली. शिशाच्या शिपायांशी खेळणारे लोक टेबलाच्या कडेला डोळा लावून नेमके हेच करतात.

लढायांची वाण या मुलखात नाही. बेळगावच्या भुईकोटाला १४७२ च्या सुमारास बहमनी वजीर महमूद गवानने वेढा घातला तेव्हा तटाखाली सुरुंग खणून दारूने भिंत उडवली गेली, आणि दख्खनेत असा प्रकार तोवर कोणी पाहिला नव्हता असे फेरिश्ता हा इतिहासकार लिहितो. पटावर हा वेढा मांडायचा तर किल्लेदाराकडून खेळणाऱ्याला सुरुंग ही वस्तूच माहीत नसली पाहिजे, आणि ते साधणे सोपे नाही. १८०० च्या पावसाळ्यात इंग्रज सेनानी वेलस्लीने धोंडिया वाघ या बंडखोराचा पाठलाग केला, त्यातील मलप्रभेकाठची मुनवळ्ळीजवळची चकमक ही नदीच्या नियमांची परीक्षा आहे. १८१८ मध्ये टॉमस मन्रोने पेशव्यांच्या ताब्यातील बेळगावचा किल्ला सुमारे तीन आठवड्यांच्या वेढ्यानंतर घेतला. लढाई म्हणून ती रुक्ष आहे.

बेलवडीची गोष्ट वेगळी. कर्नाटकच्या मोहिमेवरून परतताना १६७८ च्या आरंभी शिवाजी महाराजांच्या फौजेला मल्लम्मा देसाईणीच्या या लहानशा गढीने आठवडा-दोन आठवडे नव्हे, त्याहून अधिक काळ झुंजवले. एका बाई देसाईसमोर इतक्या मोठ्या विजेत्याचे काही चालत नाही असा कुत्सित उल्लेख त्या काळच्या इंग्रज वखारीच्या पत्रात आहे. मराठी घरात ही कथा महाराजांच्या बाजूने सांगितली जाते आणि कन्नड घरात मल्लम्माच्या. पटावर दोघांपैकी एकाला दुसऱ्याच्या बाजूने बसावेच लागते, आणि बसले की त्या बाजूची पुस्तके वाचावी लागतात. आमच्याकडे नाणे उडवून बाजू ठरते, आणि महाराजांविरुद्ध खेळायला पहिल्यांदा बसणारा मराठी मुलगा थोडा वेळ तरी अवघडून बसतो.

कित्तूरची लढाई १८२४ ची, राइसविट्झचे नियम छापले गेले त्याच वर्षाची. दत्तक वारस नाकारून संस्थान ताब्यात घेण्यासाठी कलेक्टर थॅकरे थोड्या शिबंदीनिशी आणि घोड्यांच्या तोफखान्यानिशी आला. २३ ऑक्टोबरला किल्ल्याचा दरवाजा उघडत नाही म्हणून तो उडवण्याची तयारी चालू असताना आतील फौज अचानक बाहेर पडली. थॅकरे मारला गेला आणि दोन इंग्रज अधिकारी राणी चन्नम्माच्या हाती सापडले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मोठ्या फौजेने किल्ला घेतला आणि राणीला बैलहोंगलला कैदेत ठेवले. डिसेंबरचा वेढा पटावर मांडला तर बळाच्या प्रमाणात निकाल आधीच दिसतो. ऑक्टोबरच्या त्या एका दिवसात सगळा प्रश्न थॅकरेला काय ठाऊक नव्हते याचा आहे, आणि म्हणून आम्ही तो पंचासह खेळतो. किल्ल्याकडून खेळणाऱ्याला बाहेर पडण्याचा हुकूम एकदाच देता येतो. तो चिठ्ठीवर लिहून पंचाच्या हातात द्यायचा असतो, आणि समोरच्याला सुगावा लागू नये म्हणून ज्या डावात हुकूम नसेल त्या डावातही कोरी चिठ्ठी घडी घालून द्यावीच लागते.