पुण्यात आहारतज्ज्ञ म्हणून पाटी लावायची आहे? नोंदणी, पात्रता आणि कागदपत्रं

जून-जुलैत निकाल लागले की माझ्या फोनवर ठरलेला प्रश्न येतो. "मॅडम, आरडी झाले. आता लायसन्स मिळालं म्हणायचं ना?" दुसरी विचारते, "शॉप ॲक्ट काढलाय, मग अजून काही लागतं का?" तिसरीने उद्यमचं प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावलेलं असतं आणि त्यालाच ती परवाना समजत असते.

आरडी ही आहारतज्ज्ञांच्या संघटनेची परीक्षा, शॉप ॲक्ट ही दुकान-कार्यालयाची नोंद आणि उद्यम ही छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी. या तिन्ही गोष्टी आपापल्या जागी कामाच्या आहेत, पण यातली एकही परवाना नाही. आहारतज्ज्ञाचा परवाना म्हणजे राज्याच्या नोंदवहीत नाव असणं. हे कायद्याने ठरवलंय २०२१ साली, त्यामुळे जुन्या मंडळींना याची सवयच नाही. त्याआधी आपल्याकडे 'डाएटिशियन' ही पाटी कुणीही लावू शकत होतं. एम.एस्सी. करून रुग्णालयात वर्षानुवर्षं घालवलेली बाई आणि चार शनिवार-रविवारचा ऑनलाइन कोर्स केलेला जिम ट्रेनर, कायद्याच्या लेखी दोघंही सारखेच.

कायदा नेमका काय म्हणतो

मार्च २०२१ मध्ये संसदेने राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा मंजूर केला आणि २५ मे २०२१ पासून तो लागू झाला. डॉक्टर, दंतवैद्य, नर्स, फार्मासिस्ट यांच्या परिषदा आधीपासून होत्या. ज्यांची देशपातळीवर कुठेच दाद नव्हती अशा व्यवसायांसाठी हा कायदा आहे: फिजिओथेरपी, ऑप्टोमेट्री, लॅब, रेडिओलॉजी, डायलिसिस वगैरे. त्याच्या परिशिष्टात दहा गट आहेत आणि त्यातला एक गट पोषणविज्ञानाचा. त्यात दोन नावं येतात. आहारतज्ज्ञ, म्हणजे रुग्णालयात काम करणारे आणि खाद्यसेवा सांभाळणारेसुद्धा. आणि पोषणतज्ज्ञ, ज्यात सार्वजनिक आरोग्य आणि क्रीडा पोषणवाले धरलेत.

"मी डाएटिशियन नाही, न्यूट्रिशनिस्ट आहे, मला हे लागू नाही" असं काही जण ऐकवतात. लागू आहे. दोन्ही नावं एकाच गटात बसवलेली आहेत.

रचना दोन मजली आहे. दिल्लीत राष्ट्रीय आयोग. अभ्यासक्रम आणि दर्जा तो ठरवतो. प्रत्येक राज्यात राज्य परिषद. प्रत्यक्ष नोंदणी तिच्याकडे. म्हणजे कोथरूडमध्ये बसून दिल्लीला अर्ज पाठवायचा नसतो, तुमची नोंदवही महाराष्ट्राची. कायदा झाला तरी बरीच वर्षं राज्यं ढिम्म होती. शेवटी ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला आणि सगळ्या राज्यांना १२ ऑक्टोबर २०२४ पर्यंत परिषदा उभ्या करायला सांगितलं, तेव्हा फायली हलायला लागल्या.

राज्याच्या किंवा केंद्राच्या नोंदवहीत नाव नसताना हा व्यवसाय करणाऱ्याला ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद कायद्यात आहे. नोंदणी नसताना नोंदणीकृत असल्याची बतावणी केली तर त्याचीही वेगळी शिक्षा आहे. म्हणून व्हिजिटिंग कार्डावर 'रजिस्टर्ड' हा शब्द छापण्याआधी कुठे रजिस्टर्ड, याचं उत्तर तयार ठेवा.

अर्जाचा नमुना, शुल्क आणि मुदत परिषदेच्या अधिसूचनेत जी असेल तीच धरायची. "आमच्याकडून फॉर्म भरा, आठ दिवसांत नंबर" असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. पैसे भरल्याची पावती सरकारी खात्याच्या नावाची नसेल तर तो अर्ज झालेला नाही, इतकं साधं आहे.

पात्रता: पदवी कुठली आणि कशी घेतली

'आरोग्यसेवा व्यावसायिक' म्हणून धरायला कायद्याने पदवीची मोजपट्टी दिली आहे: किमान ३,६०० तासांचं शिक्षण, तीन ते सहा वर्षांत पसरलेलं. तीन महिन्यांचं सर्टिफिकेट, मग ते कितीही चकचकीत असो, या मापात बसत नाही. ते ज्ञानासाठी करा, हरकत नाही. नोंदणीसाठी पैसे घालू नका.

पदवी पूर्णवेळ, वर्गात बसून केलेली असावी, हा दुसरा मुद्दा आणि सध्या सगळ्यात जास्त घोळ याचाच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, विद्यापीठांना कळवलं की या कायद्याखाली येणारे विषय दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवायचे नाहीत. यादीत अन्न व पोषणविज्ञान आहे, क्लिनिकल न्यूट्रिशन आणि डाएटेटिक्ससुद्धा आहे. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून नवे प्रवेश बंद. नोकरी सांभाळून पत्रद्वारे एम.एस्सी. करायचा बेत असलेल्या कितीतरी गृहिणी मला माहीत आहेत. त्यांना हे जड गेलं. पण रुग्णाच्या पलंगाशी उभं न राहता मूत्रपिंडाच्या रुग्णाचा आहार कसा शिकणार, हेही तितकंच खरं. आता कुणी एजंट "ऑनलाइन डाएटेटिक्स, यूजीसी मान्य" म्हणून प्रवेश देत असेल तर फोन ठेवून द्या.

पुण्यात नियमित शिक्षणाची सोय चांगली आहे. कर्वे रस्त्यावरचं एसएनडीटीचं गृहविज्ञान महाविद्यालय तर पिढ्यान्‌पिढ्यांचं. लवळ्याला सिंबायोसिसमध्ये पोषणविज्ञान शिकवतात. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दहा व्यवसायांचे नवे क्षमताधारित अभ्यासक्रम जाहीर केले, त्यात पोषण व डाएटेटिक्स आहे. यंदा प्रवेश घेणाऱ्यांनी कॉलेजात एकच प्रश्न विचारावा: तुमचा अभ्यासक्रम आयोगाच्या नव्या आराखड्याप्रमाणे आहे का? उत्तर तोंडी नको, लेखी घ्या.

कागदपत्रं, आणि नावाचा घोळ

साधारण फाइल अशी लावा: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र (तात्पुरतं नव्हे, दीक्षान्त समारंभानंतर मिळतं ते), पदव्युत्तर असेल तर त्याचंही सगळं, इंटर्नशिपचं प्रमाणपत्र, अनुभवाचे दाखले, आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, फोटो, सही. प्रत्येकाची स्वसाक्षांकित प्रत आणि सरळ स्कॅन केलेली पीडीएफ. मोबाइलने तिरका फोटो काढून, कडेला स्वयंपाकघराच्या ओट्याची फरशी दिसतेय अशी फाइल जोडू नका. हसू नका, मी पाहिल्या आहेत. पदवी डिजिलॉकरमध्ये दिसत असेल तर तीही उतरवून ठेवा.

आता खरा त्रास. आपल्या क्षेत्रात नव्वद टक्के बायका, आणि महाराष्ट्रात बायकांची नावं कागदोपत्री कधीच एकसारखी नसतात. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. आधारवर सासरचं आडनाव. पॅनवर माहेरचंच, कारण ते पहिल्या नोकरीच्या वेळी काढलेलं. आणि लग्नात तांदळात नाव लिहून पहिलं नावसुद्धा बदललं असेल तर मग देवच वाली.

आडनाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र पहिला दुवा. पुण्यात ते महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात मिळतं. मंगल कार्यालयाची पावती किंवा लग्नपत्रिका चालत नाही, हे सांगावं लागतं. पहिलं नाव बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात करून घ्या. अर्ज ऑनलाइन होतो. याला वेळ लागतो, म्हणून हे काम सगळ्यात आधी हातात घ्या. माझा सल्ला विचाराल तर ज्यांचं लग्न व्हायचंय त्यांनी व्यवसायाचं नाव माहेरचंच ठेवावं आणि आधार बदलायच्या भानगडीत पडू नये. घरात थोडी कुरबुर होईल. ती परवडते.

दुसरा अडकण्याचा थांबा म्हणजे इंटर्नशिपचा दाखला. माझा दाखला ज्या रुग्णालयाने दिला त्यात एवढंच होतं: 'यांनी आमच्या आहार विभागात समाधानकारक काम केले.' तारखा नाहीत, तास नाहीत, कुठल्या वॉर्डात ते नाही, सही कुणाची ते कळत नाही. काही वर्षांनी तोच दाखला नव्याने हवा होता तेव्हा तिथली मुख्य आहारतज्ज्ञ निवृत्त, एचआर बदललेलं, रजिस्टर गोदामात. तीन चकरा झाल्या. तुम्ही इंटर्नशिपच्या शेवटच्या दिवशी खालच्या गोष्टी लिहून घेतल्याशिवाय बाहेर पडू नका: सुरुवातीची आणि शेवटची तारीख, आठवड्याचे तास, विभाग (आयसीयू, डायलिसिस, बालरोग, मधुमेह), पर्यवेक्षकाचं नाव-पद-पात्रता, रुग्णालयाचा गोल शिक्का. सोबत स्वतःची केस नोंदवही ठेवा, अर्थात रुग्णांची नावं खोडून.

आरडी मग कशाला?

आरडी म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियन. ही पदवी नाही आणि सरकारी परवानाही नाही. इंडियन डायटेटिक असोसिएशन ही व्यावसायिकांची संघटना १९६० च्या दशकात सुरू झाली, तिचं आरडी मंडळ ही परीक्षा घेतं. पुण्यातही संघटनेची शाखा आहे. पदव्युत्तर शिक्षण आणि रुग्णालयातली इंटर्नशिप हा पात्रतेचा गाभा, एम.एस्सी.वाल्यांना आणि पदव्युत्तर पदविकावाल्यांना अनुभवाच्या अटी वेगवेगळ्या आहेत. ही मान्यता पाच वर्षांची असते, नंतर परिषदा-कार्यशाळांचे गुण दाखवून नूतनीकरण.

सरकारने नोंदवही सुरू करण्याच्या कितीतरी आधीपासून चांगली रुग्णालयं नोकरीच्या जाहिरातीत 'आरडी असल्यास प्राधान्य' लिहीत आली आहेत, आणि ते योग्यच होतं. दुसरी कुठली गाळणीच नव्हती. त्यामुळे आरडी करा, पण ते राज्य नोंदणीच्या जागी चालतं असं धरू नका.

परदेशी जाणाऱ्यांसाठी एक वाक्य जोडते, कारण हिंजवडीतल्या नवऱ्यासोबत अमेरिकेला निघालेल्या मुली हमखास विचारतात. आपलं आरडी तिथे चालत नाही, अक्षरं तीच असली तरी. तिथे नोंदणी परीक्षेला बसायला १ जानेवारी २०२४ पासून पदव्युत्तर पदवी लागते, आणि परवान्याचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे.

पाटी लावण्याआधीची बाकी कामं

शॉप ॲक्ट. मुंबईकर याला गुमास्ता म्हणतात. २०१७ च्या कायद्यानुसार वीसपेक्षा कमी माणसं कामाला असतील (२०२५ च्या दुरुस्तीआधी ही मर्यादा दहा होती) तर नोंदणी लागत नाही, फक्त व्यवसाय सुरू केल्याची ऑनलाइन सूचना द्यायची, ६० दिवसांच्या आत. एकटीच्या कन्सल्टिंग रूमला एवढं पुरतं. ओळखपत्र, जागेचा पुरावा (लाइट बिल किंवा भाडेकरार) आणि मराठी पाटीचा फोटो. पाटी देवनागरीत, मराठीत, आणि मराठी अक्षरं इतर भाषेपेक्षा लहान नकोत. छोट्या आस्थापनांनाही हे २०२२ पासून बंधनकारक आहे. म्हणून आधी पाटी रंगवून घ्या आणि मग अर्ज करा, उलट केलंत तर फोटो कशाचा जोडणार?

व्यवसाय कराची नावनोंदणी बहुतेक जण विसरतात. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याला वर्षाला २,५०० रुपये, महाजीएसटीच्या पोर्टलवर. नोकरीत पगारातून कापला जात होता म्हणून लक्षात राहत नाही, मग दहा वर्षांनी व्याजासकट आठवण येते. जीएसटीचा विचार वर्षाची फी २० लाखांच्या जवळ जायला लागली की सीएशी बोलून करा. उद्यम नोंदणी मोफत आहे, आधार-पॅनवर घरबसल्या होते. तिचे पैसे मागणारी संकेतस्थळं खोटी. आणि खाटा नसलेल्या सल्ला केंद्राला नर्सिंग होमची नोंदणी लागत नाही.

मेथीचे लाडू, नाचणी सत्त्व, 'डाएट डबा' असं काही विकणार असाल तर मात्र गोष्ट बदलते. तिथे तुम्ही अन्न व्यावसायिक होता आणि एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी किंवा परवाना, उलाढालीप्रमाणे, त्यांच्या फॉस्कॉस पोर्टलवरून घ्यावा लागतो. घरच्या ओट्यावर केलं तरी. तो १४ आकडी क्रमांक पाकिटावर छापायचा. एफएसएसएआयचा क्रमांक दाखवून 'आम्ही सरकारमान्य आहारतज्ज्ञ' म्हणणारे दिसतात. तो क्रमांक लाडवाचा आहे, तुमचा नाही.

जाहिरातीत काय लिहू नये

नोंदणी झाली, पाटी लागली, आता इन्स्टाग्राम. १९५४ चा औषधे व जादूटोणा उपाय कायदा आक्षेपार्ह जाहिरातींना रोखतो. त्याच्या यादीत मधुमेह आहे, लठ्ठपणा आहे, रक्तदाबही आहे. म्हणून 'मधुमेह कायमचा घालवा, ९० दिवसांत' असली ओळ लिहूच नका, मग तुमचा आहार-तक्ता कितीही चांगला असो. 'मधुमेहींसाठी आहार सल्ला' एवढं पुरतं. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने आरोग्याबद्दल बोलणाऱ्या इन्फ्लुएन्सरसाठी सूचना काढल्या: तुम्ही प्रमाणित तज्ज्ञ असाल तर तसं स्पष्ट सांगा, नसाल तर हा वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही हे सांगा.

नावाआधी 'डॉ.' फक्त पीएच.डी. असेल तर, आणि तेव्हाही खाली 'पीएच.डी., पोषणशास्त्र' असं लिहा, म्हणजे समोरचे आजोबा गुडघेदुखीच्या गोळ्या लिहून द्या म्हणणार नाहीत. पाटीवर नाव, पदवी, विद्यापीठ आणि राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक अशा चार ओळी येतील. क्रमांक हातात येईपर्यंत चौथ्या ओळीची जागा रंगाऱ्याला रिकामी सोडायला सांगा. पाटी नव्याने रंगवायचा खर्च वाचतो.