स्तोत्र ५० की ५१? स्तोत्रसंहितेचे दोन क्रमांक

संगीतकार इगोर स्त्राविन्स्कीच्या १९३० सालच्या ‘सिम्फनी ऑफ साम्स’ या रचनेच्या पहिल्या दोन भागांचे शब्द लॅटिन बायबलमधील ३८व्या आणि ३९व्या स्तोत्रांतले आहेत. प्रचलित मराठी बायबलच्या स्तोत्रसंहितेत मात्र ते ३९व्या आणि ४०व्या स्तोत्रांत सापडतात. ३९ हा आकडा दोन्हीकडे येत असल्यामुळे आपण भलतेच स्तोत्र वाचत आहोत, हे पटकन लक्षातही येत नाही.

स्तोत्रे मोजण्याच्या पद्धती दोन आहेत. हिब्रू मसोरेती पाठाची, म्हणजे ज्यू परंपरेने जपलेल्या प्रमाण हिब्रू पाठाची, गणना ज्यू आणि प्रॉटेस्टंट परंपरांत चालते; सेप्टुअजिंट या प्राचीन ग्रीक भाषांतराची गणना व्हल्गेट या लॅटिन बायबलने घेतली आणि ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ती आजही रूढ आहे. हिब्रूतील ९ आणि १० ही स्तोत्रे ग्रीक पाठ एकच मानतो आणि तिथून त्याचा आकडा एकाने मागे पडतो. पुढे तो ११४ व ११५ जोडतो, ११६चे दोन भाग करतो आणि १४७चेही दोन भाग केल्यावर १४८पासून दोन्ही गणना पुन्हा जुळतात.

९ आणि १० यांच्या बाबतीत ग्रीक पाठाची बाजू भक्कम आहे, कारण हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने कडवी सुरू करण्याची रचना, मध्ये काही अक्षरे गळाली असली तरी, नवव्यात सुरू होऊन दहाव्यात संपते आणि दहाव्याला स्वतःचे शीर्षकही नाही. पण ४२ आणि ४३ यांत मिळून एकच ध्रुवपद जवळपास त्याच शब्दांत तीनदा येते, तरीही दोन्ही पाठ त्यांना वेगळे मोजतात. म्हणून यांपैकी कोणत्याही एका गणनेला मूळ म्हणणे मला धाडसाचे वाटते.

लॅटिन उपासनेसाठी रचलेल्या संगीतावर साहजिकच व्हल्गेटचे आकडे पडले. अल्लेग्रीचे ‘मिझेरेरे’ हे तिथले ५०वे, म्हणजे आपले ५१वे. हँडेलने १७०७मध्ये रोममध्ये लिहिलेले ‘दिक्सित दोमिनुस’ तिथले १०९वे, आपले ११०वे. ल्यूथरन, म्हणजे प्रॉटेस्टंट, बाख मात्र हिब्रू क्रमाचे १३०वे स्तोत्र जर्मनमध्ये रचतो, तेच लॅटिनमध्ये १२९वे ‘दे प्रोफुंदिस’ होते. आकड्याऐवजी आरंभीच्या शब्दांनी स्तोत्र ओळखण्याची चर्चमधली जुनी रीत सोयीची खरी, पण व्हल्गेटमधील ५०, ५५ आणि ५६ ही तिन्ही स्तोत्रे ‘मिझेरेरे मेई देउस’ अशीच सुरू होतात.

ओव्यांच्या आकड्यांचा घोळ निराळा आहे. हिब्रू आणि लॅटिन पाठांत शीर्षकही पुष्कळदा ओवी म्हणून मोजले जाते, त्यामुळे स्त्राविन्स्कीच्या पहिल्या भागातील १३–१४ या ओव्या मराठीत १२–१३ ठरतात, तर ५१व्या स्तोत्रात शीर्षकाच्याच दोन ओव्या होत असल्याने फरक दोनाचा पडतो.

ग्रीक पाठात यांखेरीज १५१वे स्तोत्रही आहे, ज्याच्या शीर्षकातच ते ‘संख्येबाहेरचे’ असल्याचे नमूद केले आहे. त्याचा हिब्रू पाठ १९५६मध्ये सापडलेल्या, मृत समुद्राजवळील कुमरानच्या अकराव्या गुहेतील गुंडाळीतून मिळाला.