खेकड्याच्या नांगीतलं लोखंड

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी गेल्या हंगामात दोन पुड्या घेऊन प्रयोगशाळेत आला. मुलगा सांगोल्याकडचा, घरची डाळिंबाची बाग. झाडांची नवी पालवी पिवळी पडली होती, शिरा तेवढ्या हिरव्या. दुकानदाराने दोन प्रकारचं लोह दाखवलं होतं. एक पिवळसर भुकटी, दुसरी काळपट लाल, आणि लाल कितीतरी महाग. "सर, दोन्हीत लोहच आहे की. लोखंड ते लोखंड. मग भावात एवढा फरक कशाचा?"

इतकी वर्षं रसायनशास्त्र शिकवतोय, पण यापेक्षा नेमका प्रश्न मला कुणी विचारलेला आठवत नाही. अकार्बनी रसायनशास्त्रात एक मोठा भाग सहसंबद्ध संयुगांचा असतो. प्रयोगशाळेत आम्ही त्यांना सरळ 'कॉम्प्लेक्स' म्हणतो. मधोमध धातूचा आयन आणि त्याला आपले इलेक्ट्रॉन देऊन धरून बसलेले रेणू, म्हणजे लिगंड. धातू कसा वागेल, हे त्याला धरलंय कुणी यावर फार अवलंबून असतं.

सुरुवात मोरचुदापासून, म्हणजे कॉपर सल्फेटपासून करू. द्राक्षवाल्यांच्या घरी तो असतोच, चुन्याबरोबर कालवून बोर्डो मिश्रण करायला. त्याचा निळा खडा परीक्षानळीत तापवला की पाणी उडून जातं आणि पांढरीफटक भुकटी उरते. थंड झाल्यावर वरून पाण्याचा एक थेंब टाका, पुन्हा निळं. तांबं तेच आहे, सल्फेट तेच आहे. रंग आणला तो तांब्याला बिलगलेल्या पाण्याने. आता मोरचुदाच्या द्रावणात अमोनिया थेंबाथेंबाने सोडा. आधी फिकट निळा साका येतो, मग तो विरघळतो आणि नळीत दौतीतल्या शाईसारखा गर्द निळा रंग भरतो. पाण्याला उठवून अमोनिया तांब्याशेजारी बसला.

रंग का बदलला? तांब्याच्या आयनात बाहेरच्या इलेक्ट्रॉनांना बसायला जी पाच घरं असतात, ती एरवी एकाच पातळीवर असतात. भोवती लिगंड आले की काही घरं वर सरकतात, काही खाली. खालचा इलेक्ट्रॉन वर जाताना मधल्या अंतराएवढी ऊर्जा प्रकाशातून उचलतो. पाण्याच्या सोबतीत अंतर लहान, म्हणून प्रकाशाचा लाल टोकाकडचा भाग गिळला जातो. अमोनिया ते अंतर वाढवतो, मग शोषण नारिंगी-पिवळ्याकडे सरकतं आणि निळा रंग गडद होतो. ही पातळ्यांची आकृती आमची मुलं झोपेत काढतील. पण अमोनिया टाकल्यावर नळीत काय दिसेल असं विचारलं तर वर्ग गप्प. आकृती आधी आणि नळी नंतर, हा क्रम आपल्याकडे फार काळ चालत आला आहे आणि तो मला मनापासून चुकीचा वाटतो.

या शास्त्राचा पाया घालणाऱ्या आल्फ्रेड वेर्नरकडे तर नळीशिवाय फारसं काही नव्हतंच. क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना पाहण्याची सोय यायला अजून अवकाश होता. त्याच्यापुढे कोबाल्ट, क्लोरीन आणि अमोनियाची रंगीत संयुगं होती. सहा अमोनियावालं पिवळं, पाचवालं जांभळट, चारवालं हिरवं. त्यांच्या द्रावणात सिल्व्हर नायट्रेट टाकलं की पांढरा साका पडतो, पण पिवळ्यातून तिन्ही क्लोराइड पडतात, जांभळटातून दोनच, हिरव्यातून एकच. उरलेले कुठे गेले? वेर्नर म्हणाला, ते धातूला चिकटून बसलेत. धातूभोवती जागा सहाच. अमोनिया कमी पडला की तिथे क्लोराइड बसतो आणि मग तो हाती लागत नाही. हे त्याने १८९३ मध्ये मांडलं, वय होतं २६. नोबेल मिळालं १९१३ मध्ये.

आता सांगोल्याच्या पुड्या. मी त्या मुलाला उत्तर दिलं नाही, त्याला बागेतली माती आणायला सांगितली. तिकडच्या बऱ्याच जमिनी चुनखडीच्या, पीएच आठच्या आसपास. तीन बरण्यांत माती आणि पाणी ढवळलं. पहिलीत हिराकस, म्हणजे साधं फेरस सल्फेट, दुसरीत पिवळी भुकटी, तिसरीत लाल. हिराकसाचं पाणी बघता बघता गढूळ झालं आणि तासाभरात गंजाच्या रंगाचा गाळ खाली बसला. मातीत लोखंड मुळात कमी नसतंच. चुनखडीच्या जमिनीत ते असं गंजासारखं घट्ट बसतं आणि मुळांना उचलता येत नाही. पिवळी बरणी त्या दिवशी ठीक दिसत होती. पुढच्या आठवड्यात तिचं पाणी पार फिकट झालेलं. लाल बरणी अजून लालच होती.

पिवळ्या भुकटीत लोहाला धरणारा लिगंड ईडीटीए. बी.एस्सी.ला पाण्याचा जडपणा मोजताना ब्युरेटमध्ये भरतो तोच. सोलापुरात बोअरचं पाणी प्यायलेल्या कुणालाही तो प्रयोग वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पाण्यात टाकलेल्या दर्शकाचा दारूसारखा लालसर रंग एका थेंबात निळा होतो, कारण कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सगळं ईडीटीएच्या मुठीत गेलेलं असतं. हा रेणू धातूला सहा ठिकाणी पकडतो. अशा पकडीला चिलेट म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ खेकड्याची नांगी. कृषी सेवा केंद्रात 'चिलेटेड झिंक' मागणारा शेतकरी रोज खेकड्याचं नाव घेतो म्हणायचं.

पण जी नांगी कॅल्शियमला धरते, तिच्यासमोर चुनखडीची जमीन म्हणजे कॅल्शियमचा बाजारच. शिवाय पीएच चढला की हायड्रॉक्साइड लोहाला ओढायला टपलेला असतो. हळूहळू ईडीटीए कॅल्शियमला धरतो आणि लोखंड सोडून देतो. लाल भुकटीतला लिगंड आहे ईडीडीएचए. त्याच्या नांगीत दोन फिनॉल वलयांचे ऑक्सिजन आहेत आणि फेरिक लोहाला हे ऑक्सिजन विलक्षण मानवतात. पकडीचा जोर स्थिरांकाने मोजतात. लोहासाठी ईडीटीएचा हा आकडा एकावर सुमारे पंचवीस शून्यं, ईडीडीएचएचा एकावर सुमारे पस्तीस. म्हणजे मधला फरकच एकावर दहा शून्यांचा. पैसे त्या दहा शून्यांचे मोजायचे.

त्याच आठवड्यात त्या मुलाचं प्रॅक्टिकल होतं सॅलेन नावाच्या लिगंडचं. गरम इथेनॉलमध्ये सॅलिसिलाल्डिहाइड, कडू बदामासारखा वास, त्यात इथिलीनडायअमाइनचे थेंब. पाहता पाहता चकचकीत पिवळे पापुद्रे चंचुपात्रभर तरंगू लागतात. हा शिफ बेस. ह्यूगो शिफने अशी संयुगं १८६४ मध्ये मांडली आणि आजही अकार्बनीच्या प्रयोगशाळांत त्यांच्यावाचून पान हलत नाही. त्या पिवळ्यात निकेल ॲसिटेटचं हिरवं द्रावण ओतलं की खाली बसतो तो विटकरी-नारिंगी साका. हिरवं आणि पिवळं मिळून नारिंगी! मग ते गोय तराजूवर. लोहचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये नळी टांगायची, चुंबक चालू-बंद करून वजन घ्यायचं. हिरवं निकेल ॲसिटेट चुंबकाकडे ओढलं जातं, वजन वाढतं, कारण त्यात दोन इलेक्ट्रॉन एकेकटे असतात. नारिंगी साक्याचं वजन किंचित कमीच भरतं. चार बाजूंनी सपाट पकड बसल्यावर त्या दोघांची जोडी लागली आणि चुंबकत्व गेलं. रेणू डोळ्यांना दिसत नाही. त्याचा आकार असा तराजूवर वाचता येतो.

सॅलेनचा रेणू फळ्यावर काढून झाल्यावर शेजारी मी ईडीडीएचए काढला. मुलगा उठून फळ्याजवळ आला. दोन्हींत मध्ये तोच इथिलीनडायअमाइनचा पूल, दोन नायट्रोजन, दोन फिनॉलचे ऑक्सिजन. टेबलावरचा पिवळा पापुद्रा आणि बापाच्या शेतातली लाल पुडी ही चुलत भावंडं निघाली.

सोलापूर विद्यापीठ २००४ चं. आता नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. ते केगावला, पुणे रस्त्यावर, आणि त्याच केगावात भारतीय कृषी संशोधन परिषदेचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र. कॉम्प्लेक्सवर काम करू पाहणाऱ्याला याहून चांगला शेजार कोणता? आपल्याकडे ठिकठिकाणी शिफ बेसची नवनवी संयुगं तयार होतात, त्यांचे वर्णपट घेतले जातात, जिवाणूंच्या थाळीवर ती टाकून भोवतीचं, जिवाणू न वाढलेलं मोकळं वर्तुळ मोजलं जातं आणि शोधनिबंध पुरा होतो. हे काम हात घडवतं, त्याला मी कमी लेखत नाही. पण त्या थाळीवर धातू लिगंडच्या मुठीत टिकला की सुटला, हे तपासल्याशिवाय वर्तुळाचं श्रेय कुणाला द्यायचं? मोकळं तांबंही जिवाणू मारतंच. पुडीवाल्या मुलाचा प्रश्न इथेही तसाच लागू पडतो.

कापडाच्या धंद्यातही हेच. फिरोजी टॉवेलला तो रंग देणाऱ्या नेहमीच्या रंगांत तांबं असतं, चार नायट्रोजनांच्या वलयात बसवलेलं. धुऊन धुऊन टॉवेल विरतो, तांबं जागचं हलत नाही. अर्थात याच चिवटपणामुळे डाइंगच्या सांडपाण्यातून तो रंग काढणं जिकिरीचं होतं. ईडीटीएचीही तीच तऱ्हा, निसर्गात तो लवकर मोडत नाही आणि जाईल तिथे धातू सोबत नेतो. पक्की पकड सगळीकडेच सोयीची नसते.

लाल पुडी घ्यायची ठरली तरी एक गोष्ट राहते. ईडीडीएचए तयार होताना त्याचे भाऊही तयार होतात. फिनॉलचा ऑक्सिजन वलयावर शेजारच्या जागी, म्हणजे ऑर्थोला, असेल तरच तो वळून लोहापर्यंत पोचतो. समोरच्या, पॅरा जागी असेल तर हात पुरत नाही, पकड ढिली होते. म्हणून चांगल्या पुडीवर एकूण लोहाबरोबर ऑर्थो-ऑर्थोचं प्रमाण वेगळं छापलेलं असतं, एकूण ६ टक्के असेल तर ऑर्थो-ऑर्थो ४.८ असं काहीतरी. चुनखडीच्या रानात पाहायचा तो हा दुसरा आकडा.

हे सांगून झालं तेव्हा मुलगा वऱ्हांड्यात जाऊन फोन लावत होता. "आप्पा, दुकानातच हायसा का? पुडी उलटी करा. ऑर्थो-ऑर्थोच्या म्होरं किती लिवलंय, तेवढं वाचून सांगा."