रिकामी खुर्ची लाट अडवते

'मोबाईलवर मॅच दिसायला लागली आणि स्टेडियमं ओस पडली.' फुटबॉलचा विषय निघाला की हे वाक्य आमच्या सोलापुरात पार्क चौकातल्या चहाच्या गाड्यावर ऐकू येतं आणि वाहिन्यांवरच्या चर्चेतही. ऐकायला पटतं. पण ते खरं असेल तर जर्मनीचं काय करायचं? डॉर्टमुंडचं स्टेडियम ८१ हजारांचं. त्यातल्या एकट्या दक्षिण स्टँडमध्ये जवळपास २५ हजार माणसं उभ्याने मॅच बघतात, आणि हे हंगामामागून हंगाम चालू आहे. जर्मनीत टीव्ही पोचलेला नाही असं तर नाही ना!

अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगलाही टीव्हीची अशीच धास्ती होती. (त्यांचं फुटबॉल वेगळं, चेंडू हातात घेऊन पळायचं, पण प्रेक्षक आपल्यासारखेच.) १९७३ पासून तिथे नियम होता की सामन्याच्या ७२ तास आधी सगळी तिकिटं खपली नाहीत, तर त्या भागात तो सामना टीव्हीवर दाखवायचा नाही. २०१५ मध्ये हा नियम स्थगित केला. त्यामुळे मैदानं काही ओस पडली नाहीत.

मग आपल्याकडे काय झालं? १३ जुलै १९९७ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्यातला फेडरेशन कपचा उपांत्य सामना बघायला १ लाख ३१ हजार लोक जमले होते. भायचुंग भुतियाने हॅट्‌ट्रिक केली ती हीच मॅच. इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्या दोन हंगामांत सामन्यामागे सरासरी २५ हजारांच्या आसपास प्रेक्षक येत होते. २०१८-१९ पर्यंत हा आकडा जवळपास निम्म्यावर आला. आपल्याला सगळ्यात जवळचा संघ म्हणजे बालेवाडीचा एफसी पुणे सिटी. तो २०१९ मध्ये बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. पुण्याहून हैदराबादला जायचं तर वाटेत सोलापूर लागतं. म्हणजे संघ आपल्या दारावरूनच गेला, आणि कोणी साधी हाकही मारली नाही.

यावर नेहमीचं निदान ठरलेलं असतं: 'लोकांचा उत्साह कमी झाला.' जणू प्रत्येकाच्या खिशात उत्साहाची एक पुडी असते आणि ती हल्ली लहान झाली आहे. माझं म्हणणं असं की मैदानावरचा उत्साह ही एकेका माणसाची मालमत्ताच नाही. तो माणसं किती दाटीने बसली आहेत यावर ठरतो, आणि एका ठरावीक दाटीखाली तो हळूहळू कमी होत नाही, धाडकन कोसळतो. हे समजायला मेक्सिकन लाटेइतकं सुंदर उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

लाट सगळ्यांनी पाहिली आहे. एका कोपऱ्यातले लोक हात वर करून उठतात, बसतात, तोवर शेजारचे उठलेले असतात, आणि ही उठाबस मैदानाभोवती फिरत जाते. ती जगभर पोचली १९८६ च्या मेक्सिकोतल्या विश्वचषकामुळे, म्हणून हे नाव. अमेरिकेत ती त्याआधी पाच वर्षं चालू होती. २००२ मध्ये फार्काश, हेल्बिंग आणि व्हिचेक या तीन शास्त्रज्ञांनी 'नेचर' या नियतकालिकात तिच्यावर एक छोटासा लेख लिहिला. पन्नास हजारांहून मोठ्या स्टेडियममधल्या १४ लाटांच्या चित्रफिती त्यांनी तपासल्या. लाट बहुतेक वेळा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जाते. तिचा वेग सेकंदाला सुमारे १२ मीटर, म्हणजे सेकंदाला २० खुर्च्या. तिची रुंदी साधारण १५ खुर्च्यांची. आणि ती सुरू करायला दोन-तीन डझन माणसं पुरतात.

सेकंदाला १२ मीटर म्हणजे ताशी ४३ किलोमीटर. उसेन बोल्टची विक्रमी शर्यतीतली सरासरी सेकंदाला साडेदहा मीटरच्या आत होती. बोल्टला मागे टाकणारी ही गोष्ट धावते कशावर? खुर्चीवरून उठणाऱ्या, पोट सुटलेल्या, हातात पॉपकॉर्न धरलेल्या माणसांवर. माणूस जागचा हलत नाही. पुढे जाते ती फक्त उठण्याची अवस्था.

आता इथे जरा थांबून हिशेब करू या. डोळ्यांनी काही पाहून अंग हलवायला माणसाला सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो. प्रत्येक जण फक्त लगतच्या शेजाऱ्याकडे बघून उठत असता, तर लाट सेकंदाला पाचच खुर्च्या सरकली असती. प्रत्यक्षात ती २० सरकते. याचा अर्थ आपण शेजाऱ्याची वाट बघतच नाही. निदान चार खुर्च्या पलीकडून काहीतरी येतंय हे आपण टिपतो आणि अंग आधीच सावरून बसतो. कोणी शिकवलेलं नसतं, कोणी सूचना दिलेली नसते.

त्या लेखातलं गणित याहून रंजक आहे. प्रत्येक प्रेक्षकाला तीनच अवस्था दिल्या आहेत: तयार, उठलेला आणि दमलेला. तयार माणसाच्या आसपास उठलेल्यांचं प्रमाण एका उंबरठ्यापलीकडे गेलं की तो उठतो. उठल्यावर खाली बसतो आणि थोडा वेळ दमलेला राहतो. त्या काळात कितीही ओरडा, तो पुन्हा उठत नाही. लाट मागे का फिरत नाही याचं उत्तर या दमण्यात आहे: तिच्या मागे सगळे दमलेले असतात. आसपासचे मोजताना सगळ्यांना सारखं वजन नसतं. जवळच्याचं वजन जास्त, लांबच्याचं अंतरानुसार घातांकी पद्धतीने घटत जाणारं, आणि लाट ज्या बाजूने येते तिकडच्यांचं आणखी जास्त.

हे तीन अवस्थांचं गणित मुळात प्रेक्षकांसाठी केलेलंच नव्हतं. ते हृदयासाठी होतं. हृदयाच्या स्नायूतली पेशी अशीच असते: तयार, उद्दीपित, दमलेली. शेजारच्या पेशी पेटल्या की ही पेटते, आणि ठोक्याची लाट स्नायूभर पसरते. १९४६ मध्ये नॉर्बर्ट वीनर आणि आर्तुरो रोसेनब्लूथ यांनी हे गणित मांडलं, तेही मेक्सिको शहरातल्या हृदयविकार संस्थेच्या नियतकालिकात. मेक्सिकन लाटेचं गणित खरोखरच मेक्सिकोत छापलं गेलं, मेक्सिकन लाट जन्मायच्या ३५ वर्षं आधी!

हृदयविकाराच्या झटक्यानंतर स्नायूत मेलेले पट्टे राहतात. लाट त्यांच्यापाशी अडते, तुटते, कधी कधी भोवऱ्यासारखी फिरू लागते. स्टेडियममध्ये मेलेला पट्टा म्हणजे रिकाम्या खुर्च्या. (आणि व्हीआयपी स्टँड. तिथे माणसं असतात, पण लाट बहुधा तिथेच मरते.)

किती खुर्च्या रिकाम्या असल्या तर लाट तुटेल? भौतिकशास्त्रात अशा प्रश्नांना पर्कोलेशन म्हणतात. चौकटीचा अमर्याद कागद घ्या आणि त्यातले चौकोन मनाला येईल तसे काळे करत जा. पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे असे चारच शेजारी मोजायचे. काळ्या चौकोनांवरून पाय न उचलता या टोकापासून त्या टोकापर्यंत वाट कधी मिळते? ५९.२७ टक्के चौकोन काळे झाले की. ५५ टक्क्यांना काळी बेटं असतात, मोठी असतील पण सुटी. ६५ टक्क्यांना सगळी बेटं जुळून एक खंड झालेला असतो. हा बदल एका बिंदूवर होतो. कोपऱ्यातले शेजारीही धरले, म्हणजे एकूण आठ, तर हाच बिंदू ४०.७ टक्क्यांवर येतो. ५९.२७ हा आकडा कोणत्याही नेमक्या सूत्रातून निघत नाही, संगणकावर असंख्य वेळा चौकोन रंगवूनच तो काढला आहे. या विषयातल्या लोकांना ही गोष्ट फार खुपते.

खरा प्रेक्षक मान वळवतो, रिकाम्या खुर्चीपलीकडेही बघतो, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे स्टेडियमला लावता येणार नाहीत. पण स्वभाव तोच. नव्वद टक्के भरलेलं स्टेडियम ऐंशीवर आलं तर कोणाला पत्ता लागत नाही. साठाचं पन्नास झालं की तीच माणसं, तोच संघ, तीच तिकिटं, आणि तरी सगळं मेल्यासारखं वाटतं.

'कमी माणसं, कमी आवाज, एवढंच,' असं कोणी म्हणेल. आवाजाचं गणितही बघा. पन्नास हजारांचे पंचवीस हजार झाले तर आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो. कानाला हा फरक जेमतेम कळतो. दहापट कमी, म्हणजे पाच हजार माणसं उरली, तेव्हा कुठे १० डेसिबल जातात आणि आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. म्हणजे अर्ध्या भरलेल्या मैदानात कमी पडतो तो आवाज नव्हे, ताल. एकाने सुरू केलेली घोषणा दुसऱ्या बेटापर्यंत पोचते तोवर इथे विरलेली असते.

सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. सिद्धेश्वराच्या यात्रेत अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्याभोवती मुंगीला वाट नसते. कट्ट्यावर काय चाललंय हे मागच्यांना दिसत नाही. पुढच्यांचे हात उठले की यांचे उठतात, आणि 'हर्र बोला हर्र'चा गजर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत जातो. त्या गर्दीत मधे रिकामी खुर्ची नसते, कारण खुर्चीच नसते.

गर्दीच्या आवाजात 'शक्ती' असते असं म्हणणारेही लगेच सरसावतात. २२ मार्च २०२० ला आपण टाळ्या-थाळ्या वाजवल्या त्या डॉक्टर-नर्सेसचे आभार मानायला. त्याच दिवशी सगळ्यांच्या मोबाईलवर फिरलं की या कंपनांनी विषाणू मरतो. विषाणू काही मेला नाही. मेला असता तर पुढची दोन वर्षं आपण मास्क लावून हिंडलो नसतो. गर्दीचा आवाज ज्यावर चालतो ती वस्तू म्हणजे माणसाचा मेंदू. २००२ मध्ये इंग्लंडमध्ये ४० पंचांना लिव्हरपूल आणि लेस्टर यांच्या सामन्यातली ४७ टॅकल्स दाखवली. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासकट, काहींना बिनआवाजाची. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. मे २०२० मध्ये जर्मन लीग रिकाम्या मैदानांवर पुन्हा सुरू झाली, तेव्हा घरच्या मैदानाचा फायदा लक्षात येण्याजोगा घटला. म्हणजे प्रेक्षक हे नुसते गिऱ्हाईक नव्हेत, निकालातही त्यांचा हात असतो.

आता लोक मैदानात येतातच का, या प्रश्नाकडे वळू. इथेही उंबरठाच आहे, फक्त सेकंदांऐवजी हंगामांच्या मापाने. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ मध्ये एक कल्पित उदाहरण दिलं होतं. त्यांचं दंगलीबद्दल होतं, मी ते मॅचला लावतो. समजा, सोलापुरातल्या शंभर जणांना पुण्याला मॅचला जायचं आहे. पहिला कोणी नसलं तरी जाणार. दुसरा म्हणतो, एक जण येत असेल तर मी येतो. तिसऱ्याला दोघं हवेत, चौथ्याला तिघं, असं शंभराव्यापर्यंत. पहिला निघाला की दुसरा निघतो, मग तिसरा, आणि सगळे शंभर जातात. आता फक्त दुसऱ्याच्या मनात बदल करा. परतीची शेवटची गाडी चुकेल म्हणून त्याला एकाऐवजी दोघांची सोबत हवी झाली. बाकी ९९ जण जसेच्या तसे. किती जण जातील? एक. बाहेरून बघणारा म्हणेल, सोलापुरात फुटबॉलचं प्रेमच उरलं नाही. शंभर जणांच्या उत्साहाची सरासरी काढली तर मात्र ती जवळजवळ तेवढीच आहे.

हे उलट्या दिशेनेही चालतं. १ जून २०१८ ला मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला ५-० असं हरवलं. कर्णधार सुनील छेत्रीने हॅट्‌ट्रिक केली. प्रेक्षक होते २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक छोटा व्हिडिओ टाकला: शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या. ४ जूनला केनियाविरुद्धचा सामना भर पावसात झाला आणि स्टेडियम भरलेलं होतं. तीन दिवसांत मुंबईतल्या माणसांचं फुटबॉलप्रेम तिप्पट झालं नव्हतं. झालं एवढंच की बाकीचेही जाणार आहेत, हे प्रत्येकाला कळलं. तो छेत्रीचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता हेही मान्य करायला हवं. पण शंभरावा तो व्हिडिओच्या आधीही होताच.

आणि 'भरलेलं' म्हणजे किती? जवळपास नऊ हजार. ते मैदानच लहान. तीच नऊ हजार माणसं सॉल्ट लेकमध्ये विखरून बसवली असती तर फोटोत स्टेडियम ओस दिसलं असतं, लाट दहा खुर्च्यांत मेली असती, आणि पुढच्या सामन्याला त्यांतली निम्मीही आली नसती. अमेरिकेतल्या ओकलंडच्या संघाने २०१३ मध्ये वरच्या मजल्यावरच्या हजारो खुर्च्या ताडपत्रीने झाकून टाकल्या. टीव्हीच्या त्या नियमातून सुटायला विकायची तिकिटं कमी करणं हा त्यातला हिशेब होता, पण भौतिकशास्त्राच्या दृष्टीनेही ते बरोबरच होतं. आपल्याकडे पार्क स्टेडियमवर सामने भरवणाऱ्यांना ताडपत्रीसुद्धा लागणार नाही. चारही बाजूंची दारं एकदम उघडायची नाहीत. आधी एकच स्टँड उघडायचा, तो खच्चून भरला की मगच त्याच्या लगतचा. समोरचा तर अजिबात नाही.