ध्वनिमिश्रण (लिनक्स डेस्कटॉपवरील)

एकाच संगणकावर चालू असलेल्या अनेक प्रोग्रामांचे आवाज एकत्र करून एका साउंड कार्डातून एकाच वेळी ऐकवण्याची व्यवस्था. कोल्हापुरात राजारामपुरीच्या एखाद्या गल्लीतल्या डीटीपीच्या दुकानात लिनक्स या संगणक-प्रणालीवर गाणी चालू असतात. गिऱ्हाइकाने लग्नपत्रिकेचा मजकूर व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलेला असतो. ऑपरेटर गाणे बंद न करताच तो ऐकतो आणि ‘चि. सौ. कां.’ टाइप करायला घेतो. यात विशेष काही घडले असे कोणालाच वाटत नाही. २००३-०४ च्या सुमारास मात्र दुसऱ्या प्रोग्रामला ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ (कार्ड दुसऱ्याच्या ताब्यात आहे) एवढेच ऐकून गप्प बसावे लागण्याची शक्यता मोठी होती.

गणपतीच्या मिरवणुकीत महाद्वार रोडवर दोन मंडळांच्या साउंड सिस्टीम पुढेमागे आल्या की त्यांच्या आवाजांची बेरीज हवाच करते. संगणकात आवाज म्हणजे आकड्यांची रांग; त्यातला एकेक आकडा म्हणजे एक नमुना. दोन रांगांची बेरीज कोणीतरी करावी लागते. लिनक्समधल्या ध्वनीचा इतिहास बराचसा ‘ही बेरीज कोणी करायची’ या एका वादाभोवती फिरतो.

बेरीज दिसते तितकी सरळ नाही. १६ बिटांच्या नमुन्याची वरची मर्यादा ३२,७६७. एका प्रोग्रामचा आकडा २०,००० आणि दुसऱ्याचा १८,००० आला तर ३८,००० होतात. मर्यादेवरचे छाटले जाते आणि कानाला तो आवाज फाटलेला लागतो. म्हणून हिशेब मोठ्या पट्टीत करून मग खाली आणतात. शिवाय वेगही जुळावे लागतात. सीडीवरचे गाणे सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचे आणि कार्ड ४८,००० वर चालणारे असेल, तर दर १४७ नमुन्यांचे १६० करावे लागतात.

हन्नू साव्होलायनेन यांनी १९९२ मध्ये सुरू केलेल्या कामातून ओएसएस (ओपन साउंड सिस्टिम) ही लिनक्सवरची पहिली रूढ ध्वनिप्रणाली आली. तिच्यात कार्डाचे दार असलेली ‘/डेव्ह/डीएसपी’ ही फाइल जो आधी उघडेल, कार्ड त्याचे. साउंड ब्लास्टर लाइव्हसारख्या कार्डांत बेरीज करणारी चिप असल्याने त्यांच्या मालकांना ही अडचण फारशी कळलीच नाही. बोर्डावरच्या स्वस्त चिपांवर भागवणाऱ्यांना ती रोज कळत होती. यावर तोडगा म्हणून ग्नोम आणि केडीई या लिनक्सच्या दोन डेस्कटॉपांनी अनुक्रमे ईएसडी आणि आर्ट्स असे, सगळ्यांचे आवाज गोळा करून कार्डाला देणारे मधले सर्व्हर पुढे केले. पण मग कार्डासाठी हे दोन सर्व्हरच एकमेकांशी भांडू लागले. भाऊबंदकी मिटली नाही, एक मजला वर गेली.

यारोस्लाव्ह किसेला यांची, ओएसएसची जागा घेणारी अल्सा ही प्रणाली २००३ अखेरच्या २.६ कर्नलबरोबर (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) सर्वत्र पोचली. तिच्या ‘डीमिक्स’ या प्लगइनमध्ये (जोडभागात) स्वतंत्र सर्व्हर नाही. सगळे प्रोग्राम एका सामाईक मेमरीत आपापले आकडे मिळवत जातात. युक्ती छान, पण सगळ्यांनी शिस्त पाळली तरच चालणारी. एखाद्या प्रोग्रामने डीमिक्सला वळसा घालून थेट कार्डाला हात घातला की बाकीचे मुके. ओएसएससाठी लिहिलेले जुने प्रोग्राम नेमके हेच करत.

लेनार्ट पोटरिंग यांचा पल्सऑडिओ हा नवा मधला सर्व्हर २००७ मध्ये फेडोरा ८ या लिनक्सच्या आवृत्तीबरोबर आणि पुढच्या वर्षी उबुंटू ८.०४ बरोबर घरोघर आला. सुरुवातीला त्याने लोकांना पुष्कळ छळले आणि शिव्याही खाल्ल्या. तरी प्रत्येक प्रोग्रामचा आवाज वेगळा कमीजास्त करता येणे आणि चालू गाणे स्पीकरवरून हेडफोनवर नेता येणे या सोयी सामान्य डेस्कटॉपवर रुळल्या त्या त्याच्यामुळे. दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी तर मिश्रण ही चैन नव्हेच. ब्राउझरने कार्ड अडवले की पडदा वाचून दाखवणारा ऑर्का गप्प होतो, आणि तो गप्प झाला की ब्राउझर बंद करायचे बटणही सापडत नाही.

ध्वनिमुद्रण करणाऱ्यांची चूल वेगळी होती. त्यांचा जॅक हा सर्व्हर कार्ड स्वतःकडे घेई; तो चालू असताना ब्राउझर सहसा मुका. विम टायमन्स यांच्या पाइपवायर या सर्व्हरने दोन्ही चुली एक केल्या. पल्सऑडिओ, जॅक आणि अल्सा या तिन्हींचे प्रोग्राम त्याच्याशी आपापल्या भाषेत बोलू शकतात. फेडोरा ३४ ने २०२१ मध्ये आणि उबुंटूने २२.१० पासून तो मूळ व्यवस्था म्हणून घेतला. तो एका वेळी जितके नमुने उचलतो तो त्याचा घास; नेहमीचा घास १,०२४ नमुन्यांचा, म्हणजे ४८,००० च्या वेगाने सुमारे २१ मिलिसेकंदांचा. तेवढ्या वेळात हवेतला आवाज सात मीटर जातो. गाणे ऐकणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. पण घरी हलगी रेकॉर्ड करणाऱ्याला हेडफोनमधली स्वतःचीच थाप खोलीच्या पलीकडून आल्यासारखी वाटते आणि ठेका सुटतो. त्याने घास १२८ चा केला की उशीर तीन मिलिसेकंदांच्या आत येतो. प्रोसेसरवरचा भार मात्र वाढतो.

आजही कधी एखादा प्रोग्राम मुका राहतो. तेव्हा टर्मिनलात ‘पीएसीटीएल इन्फो’ (pactl info) दिल्यावर सर्व्हरच्या नावाच्या ओळीत ‘पल्सऑडिओ (ऑन पाइपवायर…)’ दिसले तर बेरीज पाइपवायर करतो आहे. तसे दिसूनही आवाज नसेल तर ‘फ्यूझर -व्ही’ (fuser -v) ही आज्ञा ‘/डेव्ह/एसएनडी’मधल्या (/dev/snd) फाइलींवर चालवावी. कार्ड कोण धरून बसले आहे ते नावानिशी कळते. बहुतेक वेळा तो थेट अल्सावर लावलेला एखादा प्लेअर निघतो. त्याच्या सेटिंगमध्ये कार्डाऐवजी ‘डीफॉल्ट’ निवडले की काम होते.