‘स्वयंसेविका’ म्हणजे नेमकं कोण?

पोलिओचा रविवार होऊन गेला की मुंबईतल्या वस्त्यांत दारांच्या चौकटींवर खडूच्या खुणा दिसतात. घरातल्या पाच वर्षांखालच्या सगळ्या पोरांना डोस मिळाला असेल तर ‘पी’, एखादं सुटलं असेल तर ‘एक्स’. एक्सच्या दारात पुन्हा जायचं, मूल गावाला गेलंय की झोपलंय ते बघायचं. खांद्याला लसीचा डबा आणि काखेत रजिस्टर घेऊन हे करणारी बाई बहुधा त्याच परिसरात राहणारी. महापालिकेच्या कागदावर ती आरोग्य स्वयंसेविका, हेल्थ पोस्टवर, म्हणजे वस्तीतल्या पालिकेच्या छोट्या आरोग्य केंद्रावर, सीएचव्ही (कम्युनिटी हेल्थ व्हॉलंटिअर), गल्लीत नुसती ताई.

वर्षानुवर्षं रोज काम करणारी बाई ‘स्वयंसेविका’ कशी? आणि तिला मिळतो त्याला पगार न म्हणता ‘मानधन’ का म्हणायचं?

दारात कोण उभं राहतं यावर सगळं ठरतं, हे मुंबईला प्लेगने दाखवलं होतं. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत डॉ. अकॅशिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं, आणि पुढे घरोघर झडत्या सुरू झाल्या. रोगी इस्पितळात, घरचे छावणीत. लोक आजारी माणसं लपवू लागले. मार्च 1898 मध्ये मदनपुऱ्यातल्या जुलाहा विणकरांनी तपासणीला विरोध केला आणि दंगल पेटली. त्यातून सरकार शहाणं झालं म्हणावं, तर आणीबाणीतल्या नसबंदीने पुन्हा तेच केलं. लोकांच्या मनात एवढी धास्ती बसली की 1977 मध्ये ‘कुटुंब नियोजन’ हे नाव बदलून ‘कुटुंब कल्याण’ करावं लागलं.

पाटी बदलली तरी दार उघडेना. ते उघडायला ओळखीचा चेहरा हवा होता. 1978 च्या आल्मा-आटा इथल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेनंतर प्राथमिक आरोग्यसेवेत गावातल्याच माणसाला घ्यायचा विचार जगभर रुजला होता. आपल्याकडे जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हेच काम 1970 पासून करून दाखवत होते. शहरांसाठी ही कल्पना 1982 च्या कृष्णन समितीने मांडली: झोपडपट्ट्यांसाठी हेल्थ पोस्ट आणि साधारण 2,000 लोकसंख्येमागे एक स्वयंसेवी महिला कार्यकर्ती.

‘स्वयंसेवी’ हा शब्द इथला. माझ्या मते त्यामागे चित्र होतं ते घरचं आवरून दोन-चार तास शेजारपाजारी फिरून येणाऱ्या गृहिणीचं. नवऱ्याचा पगार आहे, हिला वरखर्चाला काही मिळालं की झालं!

मुंबईत हे मोठ्या प्रमाणावर उभं राहिलं ते जागतिक बँकेच्या पैशातून. 1988 मध्ये मुंबई आणि मद्रास या दोन शहरांसाठी पाचवा लोकसंख्या प्रकल्प मंजूर झाला. लोकसंख्या हा शब्द प्रकल्पाच्या नावातच होता, तेव्हा बाईच्या रजिस्टरातही आधी जोडप्यांची नोंद, तांबी, गोळ्या, ऑपरेशन. कर्जाचा प्रकल्प यथावकाश संपला; बाया राहिल्या आणि रजिस्टरं वाढत गेली. गरोदर बायकांची नोंद, 1995 पासून पल्स पोलिओ, टीबीच्या रुग्णाने गोळी घेतली का ते बघणं, कुष्ठरोगाचा सर्व्हे, पावसाळ्यात डेंग्यू-मलेरिया. दोन-चार तासांचं काम दिवसभराचं झालं, पण मूळ शब्द कुणी बदलला नाही. त्यासाठी मोर्चे निघाले, कोर्टाच्या पायऱ्या चढून झाल्या.

‘आशा’, म्हणजे केंद्राच्या योजनेतली आरोग्य कार्यकर्ती, ही बरीच नंतरची. 2005 च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून ती आली आणि 2013 च्या शहरी अभियानातून शहरांत पोचली. तिला मुख्यतः कामागणिक मोबदला, स्वयंसेविकेला महिन्याचं मानधन. बाहेरच्याला दोघी सारख्याच वाटतात. हेल्थ पोस्टवर मात्र कोण कुठल्या खात्यातली हे सगळ्यांना पाठ असतं.

1 एप्रिल 2020 ला धारावीत कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला. जेमतेम अडीच चौरस किलोमीटरमध्ये लाखो माणसं, शौचालयं सामायिक. घरात बसा म्हणून भागणारं नव्हतं. ताप बघायला, ऑक्सिमीटर लावायला घरोघर जावं लागलं, आणि त्या पथकांत याच बाया होत्या. कुठल्या खोलीत म्हातारं माणूस आहे, कुणाला शुगर आहे, हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा पुरस्कार देऊन गौरव केला. मुंबईच्या स्वयंसेविका त्यात धरल्या नव्हत्या. त्या आशा नाहीत.