७५ घेऊ की ९०? आधी कॅमेऱ्याच्या दोन खिडक्यांमधलं अंतर बघ

एका मित्राने सेकंडहँड बेसा आर घेतला, म्हणजे लेन्समधून न बघता बाजूच्या खिडकीतून फोकस करायचा रेंजफाइंडर कॅमेरा. सोबत ५० एमएमची लेन्स होती, आता त्याला माणसांचे फोटो काढायला एक छोटी टेली (लांबचं जवळ दाखवणारी लेन्स) हवी होती आणि प्रश्न ठरलेलाच: ७५, ८५ की ९०? माझ्याआधी त्याने चारपाच जणांना विचारलं होतं आणि सगळ्यांनी त्याला बोके (मागची धूसर पार्श्वभूमी), रेंडरिंग, 'लायका ग्लो' असलं काहीबाही ऐकवलं होतं. तुझ्या कॅमेऱ्याचा बेस, म्हणजे दोन खिडक्यांमधलं अंतर, किती, हे एकानेही विचारलं नाही. खरं तर रेंजफाइंडरवर टेली निवडताना पहिला प्रश्न तोच पाहिजे, काच नंतर.

आधी एक गोष्ट करून बघा. हात लांब करा, अंगठा उभा धरा, एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. अंगठा उडी मारतो. जवळ आणला की जास्त उडी मारतो, लांब नेला की कमी. दोन डोळ्यांत साधारण ६५ मिलिमीटर अंतर असतं म्हणून ही उडी दिसते, आणि उडीवरून अंतर काढता येतं. १८०२ मध्ये लॅम्ब्टनने मद्रासजवळ सुमारे १२ किलोमीटरची आधाररेषा मोजून भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली ती याच भूमितीवर. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात ती आधाररेषा म्हणजे पुढच्या दोन खिडक्यांमधलं अंतर. मोठ्या खिडकीतून तुम्ही थेट बघता, छोट्या खिडकीतून आलेलं चित्र आरशा-प्रिझमवरून येऊन मधल्या उजळ चौकोनात, म्हणजे पॅचमध्ये, थेट चित्रावर पडतं. लेन्स फिरवली की तिच्या मागची कड एका छोट्या चाकाला ढकलते आणि ते दुसरं चित्र सरकतं. दोन्ही चित्रं एकावर एक बसली की फोकस झाला. लेन्समधून तुम्ही काहीच बघत नाही, हे लक्षात ठेवा, सगळा खेळ बाजूने चाललाय.

आता मला आवडणारा भाग. डोळ्याला दोन चित्रं जुळली की नाही हे साधारण एका कलेइतकं कळतं, एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, १० मीटरवर ठेवलेल्या ३ मिलिमीटरच्या वस्तूइतका कोन. (शांत उजेडात, स्पष्ट उभी रेघ असेल तर डोळा याहून बराच चांगला असतो, पण हलणाऱ्या माणसाच्या पापणीवर नाही.) व्ह्यूफाइंडर चित्र लहान करून दाखवत असेल तर ही चूकही त्या प्रमाणात वाढते, म्हणून खिडक्यांमधलं अंतर गुणिले मॅग्निफिकेशन (चित्र किती पट दिसतं तो आकडा), हा खरा उपयोगाचा बेस. १९५४ च्या लायका एम३ मध्ये ६८.५ गुणिले ०.९१, म्हणजे ६२ मिलिमीटर, जवळजवळ आपल्या दोन डोळ्यांइतका. ०.७२ वाल्या एम६ मध्ये ५०. बेसा आरमध्ये ३७ गुणिले ०.६८, म्हणजे जेमतेम २५.

आता वस्तू दुप्पट लांब गेली की कोन निम्मा होतो आणि तेवढ्याच कोनाच्या चुकीमुळे अंतरातली चूक चौपट होते, म्हणजे चूक अंतराच्या वर्गात वाढते. पण लेन्स जी चूक माफ करते, म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड, तीही (अगदी लांबची गोष्ट सोडली तर) अंतराच्या वर्गातच वाढते! दोन्ही एकमेकांसमोर मांडल्या की अंतर कटून जातं. पहिल्यांदा हे कागदावर केलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो. पोर्ट्रेट दीड मीटरवरून काढा नाहीतर चार मीटरवरून, तुमचा रेंजफाइंडर त्या लेन्सला पुरतो की नाही याचं उत्तर एकच. एखादा बिंदू फिल्मवर ०.०३ मिलिमीटरच्या ठिपक्याएवढा पसरला तरी चालतो असं धरलं तर उरतं ते इतकं सोपं आहे: फोकल लेंग्थचा वर्ग करा, एफच्या आकड्याने (जितका छोटा तितकी लेन्स जास्त उघडते) भागा, मग १०० ने भागा. निदान तेवढे मिलिमीटर बेस पाहिजे.

९० एमएम एफ २ ला ४० मिलिमीटर. ७५ एफ १.४ लाही ४०, म्हणजे ७५ आहे म्हणून सोपी असं काही नाही. ८५ एफ २ ला ३६. ९० एफ २.८ ला २९. ७५ एफ २.५ ला साडेबावीस. ९० एफ ४ ला २०. आणि १९७३ चा छोटा लायका सीएल घ्या, त्याचा उपयोगाचा बेस १९ मिलिमीटर, आणि त्याच्यासाठी कंपनीने काढलेली टेली कोणती? ९० एफ ४. हिशोब जरासा तुटतोच, पण लोकांनी काय विचार करून ती लेन्स इतकी मंद, म्हणजे कमी उघडणारी, ठेवली ते दिसतं. १३५ एफ २.८ ला तर ६५ लागतात, म्हणून लायकाने त्या लेन्सला चक्क चष्मा लावला, जो व्ह्यूफाइंडरचं चित्र दीडपट मोठं करतो.

१९५० साली जपानी फोटोग्राफर जुन मिकीने 'लाइफ' मासिकाचा अमेरिकन फोटोग्राफर डेव्हिड डग्लस डंकन याचा फोटो निकॉनच्या ८५ एफ २ निक्कॉर लेन्सने काढला, तो बघून डंकनला निकॉनच्या लेन्सनी वेड लावलं आणि पुढे कोरियाच्या युद्धात त्याने त्या आपल्या लायकावर वापरल्या. काचेचं कौतुक सगळे करतात, पण त्या काळच्या स्क्रू माउंट (लेन्स आट्यांनी बसणाऱ्या) लायकाची फोकसची खिडकी दीडपट मोठं दाखवायची आणि बेस ५८ च्या आसपास पडायचा. ८५ एफ २ ला तो भरपूर झाला. या बाजूचं कौतुक कोणी करत नाही.

'९० ने चेहरा चपटा आणि सुंदर येतो' हेही एकदाचं बाजूला ठेवू. चेहऱ्याचा आकार तुम्ही किती लांब उभे आहात त्यावर ठरतो, लेन्सवर नाही. त्याच जागेवरून ५० ने काढा आणि कापा, नाक तेवढंच येईल. ९० फक्त तुम्हाला मागे सरकायला लावते. आणि 'ग्लो', म्हणजे फोटोतली ती हलकी धूसर चमक? बहुतेक वेळा पूर्ण उघड्या अॅपर्चरला शिल्लक राहिलेला गोलीय दोष (काचेच्या कडेचे आणि मधले किरण एकाच जागी न जुळणं), आणि कधी कधी आपल्याकडे चार महिने बंद कपाटात राहिलेल्या लेन्सला आतून आलेली धुरकट बुरशी. दुसऱ्या प्रकारच्या ग्लोचे जास्त पैसे देऊ नका.

मग मित्राचं काय? २५ च्या बेसवर ज्युपिटर-९, म्हणजे ८५ एफ २, स्वस्त मिळत असली तरी उघडी वापरायला नको, एफ ४ ला आणली तर १८ मध्ये भागतं, पण मग एफ २ कशाला घ्यायची. बेसा आरमध्ये ७५ ची फ्रेमलाइन, म्हणजे फोटोत किती येईल ते दाखवणारी चौकट, मुळातच आहे (एम३ मध्ये नाही, तिथे मी डोळे मिटून ९० म्हणालो असतो). ९० ची चौकट त्या छोट्या चित्रात अजून बारकी दिसते. त्याला फॉइग्टलेंडरची ७५ एफ २.५ सांगितली. हा सगळा हिशोब फिल्मचा आणि बेताच्या प्रिंटचा बरं का, डिजिटलवर पापण्या मोजत बसणार असाल तर आकडे दुप्पट धरा.

लेन्स आली. पहिल्या रोलमध्ये प्रत्येक चेहऱ्याचे कान फोकसमध्ये, डोळे नाहीत. कारण हिशोब धरून चालतो की रेंजफाइंडर जुळलेला आहे, आणि वीस वर्षांहून जुन्या कॅमेऱ्याचा तो बऱ्याचदा हललेला असतो. सध्या तो संध्याकाळी गच्चीवर उभा राहून, लेन्स सगळ्यात लांबच्या अंतरावर लावून, सिंहगडाच्या टॉवरवर पॅच जुळतोय का ते बघतोय.